भविष्यवादी की संदेष्टा? : मराठी ख्रिस्ती परंपरेतील अंतकाळाचे अर्थनिर्णयन

१

बायबलमधील नबींसाठी मराठी ख्रिस्ती वाङ्मयात दोन शब्द आढळतात. जुन्या लेखनात 'भविष्यवादी' हा शब्द सर्रास दिसतो. आजच्या बायबलात आणि उपासनेत 'संदेष्टा' हा शब्द रूढ आहे. हा बदल केवळ शैलीचा नाही. भविष्यवादी पुढे काय घडणार ते सांगतो. संदेष्टा कोणाच्या तरी वतीने, समोर उभ्या असलेल्या माणसांशी बोलतो. पहिल्याचे बोलणे खरे ठरले की खोटे, हे काळच ठरवितो. दुसऱ्याच्या बोलण्याला ऐकणाऱ्याने उत्तर द्यावयाचे असते. जगाच्या अंताविषयीची बायबलमधील वचने कशी वाचावीत, हा वाद या दोन शब्दांमधील अंतरात सामावलेला आहे. त्या अंतराचा मराठीतील इतिहास शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे. त्यासाठी वसईची भूमी मध्यवर्ती धरली आहे, कारण येथे हा प्रश्न निव्वळ पंडितांचा राहिलेला नाही.

मे १६१८ मध्ये वसई परिसराला एका भीषण वादळाने झोडपले. जुन्या पोर्तुगीज वृत्तांतांच्या आधारे गेर्सन दा कुन्या यांनी चौल व वसईवरील १८७६ च्या ग्रंथात त्याची हकिगत दिली आहे. समुद्र नगरात शिरला आणि चर्चची छपरे उडाली, असे त्या हकिगतीत येते. लूककृत शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात अंताच्या चिन्हांमध्ये समुद्राच्या गर्जनेचाही समावेश आहे. तो अध्याय कानावरून गेलेल्या श्रोत्याला अशा रात्री संहिता आणि घटना यांत फरक करता येणे कठीण. 'हेच ते' असे म्हणण्याचा मोह अशा वेळी अनावर होतो. अंतकाळाच्या वाचनाचा सर्व इतिहास हा या मोहाचा आणि त्याला घातलेल्या आवरांचा इतिहास आहे.

२

या वादळाच्या दोनच वर्षे आधी, १६१६ मध्ये, गोव्यातील राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' छापून प्रसिद्ध झाले होते. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या काव्याची भाषा व त्यातील मराठीचा गौरव यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील कालकल्पनेकडे मात्र तेवढे लक्ष गेलेले नाही. स्टीफन्स यांनी निवडलेल्या पुराण या वाङ्मयप्रकाराची एक स्वतःची कालव्यवस्था आहे. पुराणाच्या पाच लक्षणांपैकी 'प्रतिसर्ग' म्हणजे लय आणि पुनर्निर्मिती. युगे फिरतात, प्रलय होतो, पुन्हा सृष्टी होते. ख्रिस्ती श्रद्धेतील अंत मात्र एकदाच घडणारा आहे. त्यानंतर कथेची पुनरावृत्ती नाही. श्रोत्यांच्या परिचयाचा ओवीछंद आणि 'वैकुंठ'सारखे शब्द स्वीकारीत असतानाच स्टीफन्स यांनी पुराणाचे चक्र सरळ करून एका रेषेत मांडले.

ही रेषा त्यांनी कशी आखली, हे ग्रंथाच्या रचनेतच दिसते. 'पहिले पुराण' जुन्या कराराचे आणि 'दुसरे पुराण' नव्या कराराचे. पहिल्यात वचन, दुसऱ्यात पूर्तता. जुन्या करारातील भाकिते येथे प्रामुख्याने ख्रिस्तजन्माकडे बोट दाखवितात, म्हणजे ती श्रोत्याच्या दृष्टीने आधीच खरी ठरलेली आहेत. भाकिताचा भार पुढे नसून मागे आहे. अंतिम न्यायावरील श्रद्धा ख्रिस्ती श्रद्धासूत्राचाच भाग असल्यामुळे तीही या चौकटीत गृहीत आहे. पण तिचे कोडे सोडविणे हा या रचनेचा हेतू नाही. फ्रान्सिस्कन मिशनरी फ्रान्सिस्को वाझ द गिमारायंश यांचे उत्तर कोकणातील बोलीच्या वळणाचे पुराण १६५९ मध्ये लिस्बनला छापले गेले. त्याचा विषयही ख्रिस्ताचे दुःखसहन व मरण हाच आहे. आरंभीच्या मराठी ख्रिस्ती काव्याच्या केंद्रस्थानी क्रूस आहे, प्रकटीकरणातील श्वापद नाही.

यामागे कॅथलिक परंपरेतील एक जुना निर्णय उभा आहे. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायातील हजार वर्षांचे राज्य काही आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांनी शब्दशः घेतले होते. संत ऑगस्टिन यांनी 'देवनगर' या ग्रंथाच्या विसाव्या खंडात त्याचा अर्थ ख्रिस्तसभेचा चालू काळ असा लावला. त्यामुळे पंचांग मांडण्याची गरजच संपली. अर्थात ती ऊर्मी संपली नाही. बाराव्या शतकात फिओरेच्या योआकिमने इतिहासाची तीन युगे कल्पिली. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी दानीएलच्या ग्रंथावरून गणित मांडून २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली आणि त्या दिवशी काहीच घडले नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने सहस्रवर्षीय राज्याची अशी ऐतिहासिक अपेक्षा, सौम्य स्वरूपातीलसुद्धा, नाकारली आहे.

३

एकोणिसाव्या शतकात मराठीतील या वाचनाला वेगळी दिशा मिळाली. सेरामपूरहून विल्यम कॅरी यांच्या पुढाकाराने १८११ मध्ये नवा करार मराठीत आला. त्यानंतरच्या मिशनरी प्रयत्नांनी संपूर्ण बायबल सामान्य वाचकाच्या हाती पडले. आता प्रकटीकरणाचा ग्रंथ एकट्याने, धर्मगुरूच्या मध्यस्थीशिवाय वाचता येऊ लागला. 'भविष्यवादी' या शब्दाचे वजन याच पार्श्वभूमीवर लक्षात येते. ज्या समाजात भविष्य हा शब्द पंचांग, पत्रिका आणि ग्रहदशा यांच्याशी जोडलेला आहे, तेथे या शब्दाने यशया वा यिर्मया हे ज्योतिष्याच्या पंगतीला जाऊन बसण्याचा धोका होता.

केडगावच्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली झालेले आध्यात्मिक पुनरुज्जीवन या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्या काळच्या अशा चळवळींमध्ये योएल या संदेष्ट्याच्या ग्रंथातील 'शेवटल्या पावसा'चे रूपक प्रभावी होते. आत्म्याचा हा वर्षाव म्हणजे अंतिम सुगीपूर्वीचा पाऊस, अशी धारणा त्यामागे होती. पॅलेस्टाइनमध्ये शरदात पेरणीचा पहिला पाऊस पडतो आणि वसंतात पीक भरविणारा शेवटचा. प्रचलित मराठी बायबलात या जोडीसाठी 'आगोटीचा व वळवाचा पाऊस' असे शब्द येतात. आपल्याकडे वळीव चैत्र-वैशाखात येतो. तो पावसाळ्याचा शेवट नसून त्याची पहिली चाहूल असतो. अंताची खूण म्हणून आलेली प्रतिमा मराठीत येताना आरंभाची खूण झाली! अनुवादकांना हे अभिप्रेत होते असे म्हणावयाचे नाही. परंतु भाषांतर हेही अर्थनिर्णयनच असते, आणि कित्येकदा भूमीचे ऋतुमान अनुवादकाच्या नकळत त्यात भाग घेते.

येथे एक सावधगिरी हवी. अंताच्या निकट अपेक्षेला अडाणीपणा म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. मुक्ती मिशनमधील अनेक मुली दुष्काळात आईबाप गमावून तेथे आल्या होत्या. चालू जग हेच अखेरचे सत्य नाही, हे आश्वासन त्यांच्यासाठी चैन नव्हती. प्रकटीकरणाचा ग्रंथही पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमन सत्तेच्या सावलीत जगणाऱ्या आशिया मायनरमधील मंडळ्यांसाठीच लिहिला गेला. ६६६ या आकड्याचा उलगडा हिब्रू अक्षरमूल्यांनुसार 'नीरो कैसर' असा करतात, तो मान्य केला तर त्या वाचकांना श्वापद कोण हे विचारण्याची गरज नव्हती. सांकेतिक भाषा ही कोडे घालण्यासाठी नव्हती; ती धीर देण्यासाठी होती. दोष अपेक्षेत नाही. पीडितांना दिलेले सांत्वन सुरक्षितांच्या हाती पडून वेळापत्रक बनते, तेव्हा दोष उत्पन्न होतो.

फ्रँक कर्मोड यांनी 'द सेन्स ऑफ ॲन एंडिंग' (१९६७) या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे भाकीत खोटे ठरल्याने अंताची कल्पना मरत नाही. ती आपली रचना बदलते. कधीतरी येणारा अंत प्रत्येक क्षणात मुरलेला अंत होतो. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' स्थापन करून बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांना एकत्र आणू पाहिले. हे देवराज्याची वाट पाहण्याऐवजी त्याची बैठकच मांडणे होते.

४

वसईत हे स्थित्यंतर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) स्पष्ट होते. उपासना लॅटिनमधून मराठीत आली आणि अंतकाळाची वाचने दर वर्षी, आगमनकाळाच्या आधीच्या व आरंभीच्या रविवारी, लोकांच्या भाषेत ऐकू येऊ लागली. याच परिषदेच्या 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' या १९६५ च्या दस्तऐवजाने नव्या पृथ्वीच्या अपेक्षेमुळे या पृथ्वीची काळजी उणावू नये, उलट वाढावी, अशी भूमिका घेतली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (मृत्यू २०२४) यांचे कार्य या भूमिकेच्या प्रकाशात वाचावयास हवे. 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादक, 'सुबोध बायबल'चे अनुवादक आणि २०२० च्या उस्मानाबाद येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ही त्यांची वाङ्मयीन ओळख. वसईचे पाणी, शेती आणि बागा यांच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या हरित वसई चळवळीचे नेतृत्व ही त्यांची दुसरी ओळख. ही चळवळ केवळ ख्रिस्ती नव्हती, आणि तिला बायबलची टीका म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तरीही प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायाचे एक वाचन तिच्यात आहे, असे मला वाटते. त्या अध्यायात माणसे पृथ्वी सोडून वर जात नाहीत. पवित्र नगरी खाली उतरते. ज्याला हे वाचता आले, त्याला विहिरीचे पाणी खारट होणे हा धर्माबाहेरचा विषय वाटणार नाही.

याच्या विरुद्ध वाचनही वसई-विरारमध्ये ऐकू येते. युद्ध, महापूर वा महामारी आली की अंताची चिन्हे पुन्हा मोजली जातात. २०२० मध्येही ती मोजली गेली. वर्गातील एका विद्यार्थ्याने तेव्हा विचारलेला प्रश्न मला अजून आठवतो : सगळे संपणारच असेल, तर वाडी विकली काय आणि ठेवली काय? हा प्रश्न नवा नाही. थेस्सलनीका येथील काही विश्वासूंनी काम सोडल्याचे पौलाच्या कानी आले, तेव्हा त्याने त्यांना आपापली भाकर कष्टाने मिळविण्यास खडसावून सांगितले. येशूने तर तो दिवस व ती घटका आपल्यालाही ठाऊक नसल्याचे सांगून तारखेचा प्रश्न मिटविला. तरीही त्या विद्यार्थ्याला पूर्ण उत्तर मिळते ते मला यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायात दिसते.

बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला आहे. नगर पडणार, असे यिर्मयाने स्वतःच सांगितले आहे, आणि त्यासाठी तो कैदेत आहे. अशा वेळी तो अनाथोथ येथील आपल्या चुलतभावाचे शेत विकत घेतो. सतरा शेकेल रुपे तोलून देतो, साक्षीदारांसमोर खरेदीखत करतो आणि ते बहुत दिवस टिकावे म्हणून मातीच्या मडक्यात ठेववितो. येथे भविष्यवादी आणि संदेष्टा वेगळे राहत नाहीत. नगर पडणार हे खरे आहे आणि शेत घ्यावयाचे हेही खरे आहे. अंताविषयीच्या वचनांचा मराठी ख्रिस्ती वाचकाने लावावयाचा अर्थ या दोन वाक्यांपैकी एक गाळून हाती येणार नाही.