सावित्री नदीतील पाणबुड्यांची शोधमोहीम (महाड, 2016)

मुंबई–गोवा महामार्गावर महाड आणि पोलादपूर यांच्या दरम्यान असलेला सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल 2 ऑगस्ट 2016 रोजी रात्री पुरात कोसळला. त्याबरोबर राज्य परिवहन महामंडळाच्या दोन बसगाड्या आणि एक मोटार नदीत गेली. ही वाहने व त्यांतील प्रवासी यांचा शोध घेण्यासाठी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात झालेली मोहीम हा या नोंदीचा विषय. बुडीत अवशेषांवरील कामाचे वर्णन बहुधा समुद्र आणि जहाजे यांच्या संदर्भात येते; पुरातल्या नदीतले काम त्यात क्वचितच आढळते.

नदी : सावित्रीचा उगम महाबळेश्वरच्या पठारावर आहे. पोलादपूर व महाड ओलांडून ती हरिहरेश्वर–बाणकोट येथे अरबी समुद्राला मिळते. शिवथर खोऱ्यातले, म्हणजे शिवथरघळीच्या परिसरातले पाणीही बिरवाडीच्या बाजूने येऊन अखेर हिलाच मिळते. घाटमाथ्यावर धो-धो पाऊस झाला की काही तासांतच महाडला नदी चढते. महाडच्या खालच्या अंगाला खाडीची भरती-ओहोटी जाणवते. त्यामुळे पुराचे पाणी आणि भरतीचे पाणी इथे एकमेकांना रेटतात. नदीच्या डोहांत मगरींची वस्ती आहे.

घटना : जुन्या पुलाशेजारी नवा पूल होता व तो शाबूत राहिला. जुन्यावरून मुंबईकडे जाणारी वाहतूक चालत असे. जयगड–मुंबई व राजापूर–बोरिवली या दोन्ही एसटी त्याच दिशेने येत होत्या. रात्र आषाढ अमावास्येची होती, पाऊस कोसळत होता, आणि पूल पडला आहे हे मागून येणाऱ्या चालकाला दिसण्याची शक्यता नव्हती. पुलाजवळच्या एका गॅरेजमधल्या कामगाराने धोका ओळखून पुढची वाहने थांबवली. त्याच्यामुळे किती जीव वाचले हे मोजता येणार नाही, तरी मोहिमेच्या इतिहासात त्याचे स्थान पहिले धरावे लागेल.

शोध : राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, तटरक्षक दल, नौदलाचे पाणबुडे व हेलिकॉप्टरे, जिल्हा प्रशासन, स्थानिक मच्छीमार आणि स्वयंसेवक या मोहिमेत सहभागी होते. पहिल्या दिवसांत पाणबुड्यांना पाण्यात फार काळ टिकणे अशक्य होते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा रेटा चौपट होतो. ताशी दोन किलोमीटरच्या प्रवाहाविरुद्धही सराईत माणसाला फार वेळ पोहता येत नाही, आणि पुरातल्या सावित्रीचा वेग त्याहून कितीतरी अधिक होता. लाल मातीच्या गढूळ पाण्यात दिव्याचा उपयोग नसतो. अशा वेळी पाणबुडा डोळ्यांनी शोधत नाही, हातांनी चाचपतो. कमरेला बांधलेल्या दोरीचे दुसरे टोक नावेतल्या साथीदाराच्या हातात असते आणि ठरलेल्या झटक्यांनी निरोप दिले-घेतले जातात. तळाशी पुलाचे पडलेले दगड, वाहून आलेली झाडे व नवा गाळ असतो. त्यात दोरी अडकणे हा मगरीपेक्षा मोठा धोका होय.

क्रेनला टांगलेले सुमारे 300 किलो वजनाचे लोहचुंबक नदीत सोडण्याचा प्रयोग झाला व त्याला बरीच प्रसिद्धी मिळाली. त्याच्या मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्याने घटते. वस्तू जवळजवळ टेकल्याखेरीज ती पकडीत येत नाही. शिवाय त्या काळात एसटीच्या बहुतेक गाड्यांची वरची बांधणी ॲल्युमिनियमची असे, आणि ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही. पोलादी चासी गाळाखाली गेली असेल, तर वरून चुंबक फिरवून फारसे साधत नाही.

पहिल्या बसचे अवशेष 11 ऑगस्टला नौदलाच्या पाणबुड्यांना सापडले. जागा पुलापासून सुमारे 200 मीटरच्या आत होती आणि खोली अवघी तीन-चार मीटर. त्यानंतरच्या दिवसांत दुसऱ्या बसचे व मोटारीचे अवशेषही मिळाले. पहिली बस सापडल्याच्या तारखेकडे लक्ष द्यावे. अमावास्येनंतर उधाणाच्या भरत्या ओसरल्या होत्या, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती चालू होती, आणि भांगात खाडीच्या पाण्याची चढ-उतार सर्वांत कमी असते. किनाऱ्यावरचा मच्छीमार हे पंचांग तोंडपाठ जाणतो. अशा मोहिमांचे वेळापत्रक ठरवताना त्याला पहिल्याच दिवशी सोबत बसवावे, असे प्रस्तुत नोंदकाराचे स्पष्ट मत आहे.

वाहने पुलाजवळ राहिली, पण मृतदेह दूर गेले. काही खाडीच्या मुखाशी हरिहरेश्वरच्या बाजूला, तर एका बसच्या चालकाचा देह थेट आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर मिळाला. गाडी बुडताना आत कोंडलेली हवा तिला थोडा वेळ तरंगत ठेवते. काचा फुटल्या की ती बसते आणि वजनामुळे पुढे सरकत नाही. माणसाचे शरीर मात्र पुराबरोबर वाहते. म्हणून शोधाचे क्षेत्र दोन ठेवावे लागतात, एक पुलाखालचे व एक समुद्राकडचे.

खोल बुडीशी तुलना : उष्ण कटिबंधातील खोल बुडालेल्या जहाजांवरची बुडी वेगळ्या कारणांनी अवघड असते. श्रीलंकेच्या बट्टिकलोआजवळ 9 एप्रिल 1942 रोजी जपानी विमानांनी बुडवलेली ब्रिटिश विमानवाहू नौका ‘हर्मिस’ सुमारे 50 मीटर खोलीवर आहे. दर 10 मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणजे तिथे दाब पृष्ठभागाच्या सहापट. टाकीतली हवा त्याच प्रमाणात लवकर संपते. साधारण 30 मीटरनंतर नायट्रोजनची गुंगी चढू लागते, म्हणून अशा खोलीवर हेलियम मिसळलेला वायू वापरतात. वर येताना टप्प्याटप्प्याने थांबले नाही, तर रक्तात व ऊतींत विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडून अपंगत्व किंवा मृत्यू ओढवतो. हौशी पाणबुड्यांसाठी 40 मीटर ही मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते. या सगळ्याच्या बदल्यात तिथे कोमट, नितळ पाणी असते आणि हवामान पाहून दिवस निवडता येतो. गोव्याजवळच्या सुंची खडकावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी पोर्तुगीज काळातील जहाजाचे अवशेष अभ्यासले. तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी मिळाली. तेही उथळ पाणी, पण काम समुद्र शांत असतानाचे. सावित्रीवर हंगाम निवडण्याची सोय नव्हती. काठावर नातेवाईक उभे होते. खोलीवरून कामाची प्रत ठरवणारी पाणबुड्यांच्या प्रमाणपत्रांची पद्धत इथे अपुरी पडते. तीन मीटर पाणी ऑगस्टमध्ये 50 मीटरइतके धोक्याचे ठरू शकते.

मृतांची संख्या : वेगवेगळ्या नोंदींत फरक आहे, बुडालेले व बेपत्ता मिळून चाळीसच्या आसपास धरले जातात.

कारणे : पुराचा जोर, बांधकामाचे वय, पात्रातला वाळूउपसा अशी कारणे मांडली गेली. राज्य शासनाने चौकशी आयोग नेमला.

नवा पूल : जुन्या पुलाच्या जागी बांधलेल्या पुलाचे काम 165 दिवसांत पुरे झाले. 5 जून 2017 रोजी तो वाहतुकीस खुला करण्यात आला.