जात्याचा हिशेब

वर्ध्याच्या साध्या जेवणाचा इतिहास सहसा आश्रमापासून सांगितला जातो. डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल यांवर संघाचा भर होता. गिरणीत धान्याचे सत्त्व जाते आणि गावाची मजुरीही, असा त्यामागचा हिशेब. 30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी शेगावला आले. 1940 मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. आश्रमाच्या एकादश व्रतांत 'अस्वाद' हे एक व्रत होते.

त्याच जिल्ह्यातल्या आमच्या शेतातल्या घरी व्रत नव्हते. वावरात पिके तेच ताटात येई. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी आणि झणझणीत जवसाची चटणी. कोरडी भाकर त्या चटणीमुळेच घशाखाली उतरे. अस्वाद आम्हाला परवडणारा नव्हता.

आजी पहाटे अंधारात दळायला बसे. गावात पिठाची चक्की आली, तेव्हा तिने जाते उचलून गोठ्याच्या भिंतीशी लावले ते कायमचेच. अभ्यासाला लागलो तेव्हा मला तो ग्रामोद्योगाचा पराभव वाटला होता. आता कागद वाचताना वेगळे दिसते. गिरणीने बुडवलेली मजुरी त्या हिशेबात आहे. आजीच्या दळणाला मात्र मजुरी कधी नव्हतीच. चक्कीने तिला दिली ती पहाटेची झोप. ती कोणत्या रकान्यात मांडायची, हे मला अजून ठरवता आलेले नाही.