कॅमेरा : अंधाऱ्या खोलीचा वारसा

उंची कॅमेऱ्यांचे शौकीन जमले की गप्पा लायकावर येतातच. या नावातला ‘लाय’ जर्मनीतल्या लाइट्स कंपनीचा आणि ‘का’ कॅमेऱ्याचा. ऑस्कर बार्नाक यांनी घडवलेला हा सुटसुटीत कॅमेरा १९२५ मध्ये लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत लोकांपुढे आला आणि छायाचित्रकार तिपाईच्या जोखडातून सुटला.

‘कॅमेरा’ या शब्दाचं मूळ मात्र ऐसपैस आहे. ग्रीक ‘कमारा’ म्हणजे कमानदार छत असलेली जागा. लॅटिनमध्ये तीच ‘कॅमेरा’ झाली, आणि इटालियन माणूस आजही खोलीला कॅमेराच म्हणतो. अंधाऱ्या खोलीत बारीक भोकातून प्रकाश आला की बाहेरचं दृश्य समोरच्या भिंतीवर उलटं उमटतं. केप्लरने १६०४ मध्ये अशा खोलीला ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’ म्हटलं. पुढे खोलीची पेटी झाली, पेटीला भिंग लागलं. १८२६-२७च्या सुमारास फ्रान्समध्ये निएप्सने तिच्या साहाय्याने खिडकीबाहेरचं दृश्य पत्र्यावर कायमचं टिपलं. ‘ऑब्स्क्युरा’ गळालं, नुसती खोली उरली.

पोर्तुगीजांबरोबर आलेला, हिंदीत रुळलेला ‘कमरा’ याच कुळातला. स्पॅनिशमध्ये खोलीतला सोबती ‘कामारादा’. मुंबईच्या गिरणगावात घुमलेली ‘कॉम्रेड’ ही हाक तिथूनच निघाली.

न्यायालयातली ‘इन कॅमेरा’ सुनावणी म्हणजे बंद दाराआडची. मराठी बातम्यांतलं ‘इन कॅमेरा शवविच्छेदन’ मात्र चित्रीकरणासह केलेलं असतं. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ वाचकाला चकवतात. बातमीदारांनी दुसऱ्या ठिकाणी सरळ ‘चित्रीकरणासह’ लिहावं.