वही, फर्माईश आणि मेमरी कार्ड : पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातील गाण्यांची देवाणघेवाण

पुण्याच्या वायव्येस पवनेच्या दोन्ही तीरांवर पसरलेले पिंपरी-चिंचवड आणि तेथून उत्तरेस, इंद्रायणी ओलांडल्यावर पुणे-नाशिक रस्त्यावर लागणारे चाकण, हा पट्टा आज मोटारी, दुचाकी आणि त्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांसाठी ओळखला जातो, आणि त्याचा इतिहासही बहुधा विसाव्या शतकाच्या मध्यापासून, औद्योगिक वसाहतींच्या स्थापनेपासूनच सांगितला जातो. परंतु देहू आणि आळंदी ही वारकरी संप्रदायाची दोन प्रमुख क्षेत्रे याच पट्ट्यात आहेत, चिंचवड हे मोरया गोसावींच्या गाणपत्य परंपरेचे, म्हणजे गणपतीला परमदैवत मानणाऱ्या उपासनेचे, पीठ आहे, आणि चाकण हे तुकारामांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजी जगनाडे यांचे गाव आहे. आवडलेले गाणे स्वतःपुरते न ठेवता दुसऱ्याला देण्याची आणि त्याच्याकडचे आपल्याकडे घेण्याची रीत येथे कारखान्यांच्या कितीतरी आधी रुजलेली होती. पुढे दूरदूरच्या जिल्ह्यांतून आणि राज्यांतून आलेल्या कामगारांनी जे नगर वसवले, त्याच्या रहिवाशांना सामाईक भूतकाळ नव्हता. तो घडवण्यात या जुन्या रितीचा वाटा मोठा आहे, आणि तिची साधने ज्या क्रमाने बदलत गेली त्या क्रमाने पाहिल्यास तो स्पष्ट दिसतो.

या रितीचा पहिला लिखित पुरावा म्हणजे वही. सतराव्या शतकात तुकारामांच्या कीर्तनात त्यांच्यामागे टाळ धरून उभे राहणारे आणि ध्रुवपद उचलणारे, म्हणजे मुख्य गायकाने म्हटलेली ओळ पुन्हा एकत्र म्हणणारे, जे सहकारी होते, त्यांत चाकणचे संताजी तेली जगनाडे आणि कडूसचे गंगारामपंत मवाळ यांची नावे परंपरेने अभंगांचे लेखक म्हणून जपली आहेत. संताजींची समाधी देहू आणि चाकण यांच्या दरम्यान सुदुंबरे येथे आहे, आणि त्यांच्या वहीच्या आधारे वि. ल. भावे यांनी पुढे गाथेची, म्हणजे तुकारामांच्या अभंगसंग्रहाची, एक स्वतंत्र आवृत्ती प्रसिद्ध केली. इंद्रायणीच्या डोहात बुडवलेल्या तुकारामांच्या वह्या पुन्हा वर आल्याच्या कथेचा अर्थ आधुनिक काळात अनेकांनी असा लावला आहे की, कागद गेला तरी अभंग लोकांच्या मुखी शिल्लक होते. त्या काळी गाणे मुखोमुखी किती दूर जात असे याची साक्ष संत बहिणाबाईंच्या चरित्रात मिळते : देहूला येण्यापूर्वीच, कोल्हापूर येथे जयरामस्वामींच्या कीर्तनात त्यांच्या कानी तुकारामांचे अभंग पडले होते आणि त्या ऐकण्यातूनच त्यांना तुकारामांच्या दर्शनाची ओढ लागली. मुंबई सरकारच्या साहाय्याने तुकारामांची गाथा १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत छापली गेली, त्यापूर्वीची दोन शतके हे काव्य अशाच वह्यांनी आणि गळ्यांनी सांभाळले होते.

वही आणि गळा यांना शिस्त लावणारी संस्था म्हणजे दिंडी. तुकारामांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पंढरपूरला जाणारा पालखी सोहळा सुरू केला असे मानले जाते. त्या सोहळ्याचा देहूबाहेरचा पहिला मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात पडतो आणि पुढे पालखी आजच्या पिंपरी, कासारवाडी, दापोडी या वस्त्यांतून पुण्याकडे जाते. दिंडी म्हणजे वीणेकरी, मृदंग वाजवणारे आणि समोरासमोर दोन रांगांत चालणारे टाळकरी यांचा भजन करत जाणारा समूह. त्यातील गायनाचा क्रम ठरलेला असतो : आरंभी नामघोष, मग विठ्ठलाच्या रूपाचे अभंग, त्यानंतर त्या त्या वाराचे अभंग, पुढे गौळण आणि भारूड. गौळण ही कृष्ण आणि गोपी यांच्या संवादाची रचना, तर भारूड हे नाट्यमय लोकरूपक असल्याने रागदारीकडे झुकणारी चाल, नाचाचा ठेका आणि विनोदी संवाद हे सारे एकाच भजनात सामावते. आणि ज्ञानेश्वर, नामदेव, जनाबाई, चोखामेळा, एकनाथ, शेख महंमद अशा निरनिराळ्या शतकांतील आणि जातींतील संतांची वाणी शेजारीशेजारी येते. क्रम ठरलेला असला तरी त्या चौकटीत कोणता अभंग घ्यावा आणि तो कोणत्या चालीत म्हणावा याला मोकळीक असते, आणि एकाने अभंग उचलला की बाकीच्यांनी तो झेलावा ही अट असल्याने, एका गावच्या टाळकऱ्याची आवडती चाल पंढरपुरास पोचेपर्यंत अनेक गावांच्या टाळकऱ्यांची झालेली असते.

भजनाच्या बाहेरही देवाणघेवाणीची आणखी दोन स्थाने होती. पहिले जात्याचे : मावळ आणि मुळशीच्या गावांत पहाटे दळण दळताना स्त्रिया ओव्या म्हणत, माहेरची ओवी सासरी आणि सासरची लेकीच्या सासरी जात असे, आणि दोघी दळत असल्या की एकीच्या ओवीला दुसरीची ओवी मिळत असे. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभरातून गोळा केलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांच्या संग्रहात या डोंगरपट्ट्यातील स्त्रियांचा मोठा वाटा आहे. विजेची गिरणी आल्यावर जाते थांबले आणि कष्टाच्या लयीवर उभे असलेले हे गाणे दैनंदिन व्यवहारातून उठले. दुसरे स्थान तमाशाचे : चाकणहून नाशिककडे जाणाऱ्या याच रस्त्यावर नारायणगाव हे तमाशाच्या फडांचे मोठे केंद्र असून, गावोगावच्या जत्रांचे पुढारी तेथील राहुट्यांत, म्हणजे फडांच्या तात्पुरत्या कचेऱ्यांत, सुपारी देऊन फड ठरवतात. तमाशात आवडत्या लावणीची मागणी करणे म्हणजे फर्माईश, आणि त्यासाठी प्रेक्षकाने कलावंताला पैसे देणे म्हणजे दौलतजादा. एकाची मागणी आणि साऱ्या फडाचे ऐकणे हा संबंध पुढे आकाशवाणीने घराघरांत नेला. मात्र तेथे पैशाची जागा पोस्टकार्डाने घेतली.

कारखाने आले ते आकाशवाणी घराघरांत पोचत होती त्याच काळात. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषध कारखाना १९५४ मध्ये पिंपरीत स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी तेथे उत्पादन सुरू झाले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यानंतर टेल्को, बजाज आणि त्यांच्या भोवतीच्या शेकडो लहान उद्योगांनी भोसरी, आकुर्डी, चिंचवड येथील शेतजमिनींचे रूप पालटले. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झालेल्या या नगरात सातारा, सांगली, कोल्हापूरकडून पोवाडा, लेझीम आणि धनगरी ओवी आली, मराठवाड्यातून तुळजाभवानीच्या आराध्यांची, म्हणजे तिची गाणी म्हणणाऱ्या भक्तांची, गाणी आली आणि खानदेशातून अहिराणी गीते आली. फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात वसलेल्या सिंधी निर्वासितांनी झुलेलालची भजने आणि चेटीचंडचा उत्सव आणला, तर दक्षिणेतून आणि उत्तर भारतातून आलेल्या कुटुंबांनी आपापल्या सणांची गाणी आणली. कारखान्याच्या आत यंत्राच्या आवाजात गाण्याला जागा नव्हती. म्हणून ते पाळी सुटल्यानंतरच्या वेळेत, चाळीच्या ओट्यावर आणि गणेशोत्सवाच्या मांडवात येऊन बसले.

त्याच सुमारास गाणे ऐकण्याचे साधनही बदलत होते. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले आणि १ एप्रिल १९५५ पासून त्यावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या ‘गीतरामायणा’ची छप्पन्न गीते क्रमाने प्रसारित झाली, म्हणजे पिंपरीतील पहिला मोठा कारखाना आणि मराठी नभोवाणीवरील सर्वांत गाजलेली गीतमाला एकाच वर्षी लोकांसमोर आली. केंद्रीय मंत्री बा. वि. केसकर यांच्या काळात आकाशवाणीने चित्रपटगीतांना आवर घातल्याने श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि त्यांना परत आणण्यासाठी ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. मराठी श्रोत्यांसाठी ‘आपली आवड’ हा फर्माईशीचा कार्यक्रम विशेष जिव्हाळ्याचा ठरला : पत्राने कळवलेल्या आवडीच्या गाण्यासोबत पाठवणाऱ्याचे आणि गावाचे नाव वाचले जाई, आणि भावगीत, नाट्यगीत, लावणी, अभंग आणि चित्रपटगीत एकामागून एक लागे. रेडिओला परवाना लागत असे आणि संच महाग होता, त्यामुळे एका घरचा रेडिओ साऱ्या चाळीचा होई. ज्याला नाट्यसंगीत आवडे त्याला लावणी ऐकावी लागे आणि लावणीच्या रसिकाला अभंग, आणि या सक्तीच्या शेजारातूनच कामगार वस्तीची अभिरुची रुंदावली. मुंबई केंद्रावरील ‘कामगार सभे’ने तर श्रमिकांना स्वतंत्र श्रोतृवर्ग म्हणून मान्यता दिली.

ऐकण्याबरोबर गाण्याचीही सोय झाली. १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्यातून उभे राहिलेले आणि कामगार, मालक व शासन यांच्या वर्गणीवर चालणारे कामगार कल्याण मंडळ राज्यभर केंद्रे चालवते आणि नाट्यस्पर्धांबरोबर भजनस्पर्धाही घेते. औद्योगिक पट्ट्यांतील भजनी मंडळांना त्यामुळे सरावाचे निमित्त आणि इतर मंडळांच्या चाली ऐकण्याची संधी मिळाली. गाजलेल्या चित्रपटगीताची चाल अभंगाला लावण्याची प्रथा याच वातावरणात फोफावली. संप्रदायातील जाणत्यांनी तिला नापसंती दर्शवली आणि पारंपरिक चाली मागे पडतील ही त्यांची भीती निराधार नव्हती. तरीही ज्या तरुणांना जुनी चाल ठाऊक नव्हती त्यांना भजनाच्या रांगेत आणून उभे करण्याचे काम या नव्या चालींनी केले, हे मान्य करावे लागते.

या पट्ट्याच्या गीतभूगोलात देहूरोडला वेगळे स्थान आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी तेथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, आणि तुकारामांच्या देहूपासून काही किलोमीटरवर आंबेडकरी चळवळीचे एक श्रद्धास्थान निर्माण झाले. या चळवळीचे गाणे सत्यशोधक जलशांतून, म्हणजे समाजसुधारणेसाठी तमाशाचा घाट वापरून केलेल्या गीत-संवादांच्या कार्यक्रमांतून, निघालेल्या परंपरेचे. वामनदादा कर्डक यांच्यासारख्या कवीने ते वस्त्यावस्त्यांत नेले. प्रल्हाद शिंदे यांच्या गळ्याने तर विठ्ठलाची भक्तिगीते, भीमगीते आणि कव्वाली हे तिन्ही प्रकार सारख्याच ताकदीने गायले. ज्या घरांमध्ये रोटीव्यवहार आणि देवव्यवहार वेगळा होता त्या घरांत एकच आवाज पोचला, आणि सामाजिक अंतर मिटवण्यास तो पुरेसा नसला तरी शेजारच्याचे गाणे ओळखीचे होण्यास त्याने निश्चित हातभार लावला.

हे घडण्यास विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात स्वस्त झालेल्या कॅसेटने मोठी मदत केली. ध्वनिमुद्रिकेच्या काळात काय मुद्रित व्हावे हे मोजक्या कंपन्या ठरवत. कॅसेटमुळे लहान कंपन्यांना लोकगीत, भीमगीत, आराध्यांची गाणी आणि बोलीतील गीते काढणे परवडू लागले. त्याहून महत्त्वाची प्रथा होती ती कोरी कॅसेट भरून घेण्याची : ग्राहक कागदावर आवडत्या गाण्यांची यादी लिहून दुकानदाराला देई आणि दुकानदार साठ किंवा नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर ती गाणी उतरवून देई. कायद्याच्या दृष्टीने यात स्वामित्वहक्काचा भंग होता आणि कलावंतांचे नुकसानही होते. मात्र देवाणघेवाणीच्या इतिहासात ही यादी संताजींच्या वहीची वारसदार आहे, कारण सामान्य माणसाला स्वतःचा गीतसंग्रह रचून दुसऱ्याच्या हाती ठेवण्याची शक्यता वहीनंतर प्रथमच तिने दिली.

चाकणचा औद्योगिक विस्तार या पट्ट्यातील नंतरचा टप्पा. बजाजचा कारखाना १९९९ मध्ये आणि फोक्सवॅगनचा २००९ मध्ये सुरू झाला, आणि त्यांच्या मागोमाग महाळुंगे, खराबवाडी, निघोजे या गावांत भाड्याच्या खोल्यांची वस्ती वाढली. येथे आलेला तरुण बहुधा कंत्राटी कामगार, आणि त्यांतील पुष्कळ जण उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा येथले. कामगार कल्याणाची, भजनी मंडळाची किंवा कामगार वसाहतीची जी चौकट आधीच्या पिढीला लाभली ती या तरुणांच्या वाट्याला फारशी आली नाही. त्यांचे गाणे आले ते मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डवर भरून मिळणाऱ्या संग्रहातून, आणि २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाल्यावर थेट हातातल्या संचावर. मोशीच्या इंद्रायणी घाटावर छठपूजेच्या वेळी स्त्रिया भोजपुरी आणि मैथिली गीते म्हणतात, तेव्हा ज्या नदीकाठी अभंग रचले गेले तेथेच आणखी एक मौखिक परंपरा उभी राहत असते.

या दीर्घ प्रवासात साधनांचा वेग आणि आवाका वाढत गेला, पण ऐकणाऱ्यांचा समूह मात्र लहान होत गेला. दिंडीत शेकडो, चाळीच्या रेडिओभोवती दहा-वीस, कॅसेटभोवती एक कुटुंब आणि कानातल्या यंत्राशी एकटा माणूस, असा हा उतार आहे. आज गाणे पाठवणे क्षणाचे काम असले तरी पाठवलेले गाणे दोघांनी मिळून ऐकलेच असे नाही, आणि न आवडणारे गाणे शेजाऱ्यासाठी ऐकून घेण्याची जी सवय कामगार वस्तीने कमावली होती ती त्यामुळे दुर्बळ होते. या नगराला आपल्या श्रमाच्या इतिहासाइतकीच आपल्या ऐकण्याच्या इतिहासाची किंमत कळली पाहिजे. भजनी मंडळांच्या हस्तलिखित वह्या, स्थानिक गायकांच्या कॅसेट, उत्सवांच्या कार्यक्रमपत्रिका आणि परप्रांतीय कामगारांची गीते आजही घरोघरी आहेत, आणि जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह करणाऱ्यांनी वेळेवर केलेल्या कामाचे उदाहरणही समोर आहे. महानगरपालिका, महाविद्यालये आणि कामगार संघटना यांनी ही सामग्री जमा करण्याचे काम हाती घेतले, तर भावी अभ्यासकाला कारखान्यांच्या उत्पादनाच्या आकड्यांबरोबरच, ते उत्पादन करणारी माणसे एकमेकांची शेजारी कशी झाली हेही सांगता येईल.