हलगीवरची कैफियत

परवा वर्गात मागच्या बाकावर हलगीचा ठेका उमटला. एक मुलगा, १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत जन्मलेल्या हिपहॉपच्या ढंगात, बापाच्या थकलेल्या मजुरीची कैफियत मराठीत मांडत होता. "हे काय गाणे झाले?" असे म्हणून मी त्याला उभे केले. घरी आल्यावर मात्र माझी मलाच लाज वाटली.

कारण ही रीत आमच्या मातीतलीच. सोलापूरच्या राम जोशींनी उत्तर पेशवाईत पंडिताची वाणी तमाशाच्या फडात नेली. १९१६ साली आमच्याच जिल्ह्यात, बार्शीस, अमर शेख जन्मले. लोकगीतांचा वारसा त्यांना आई मुनेरबीकडून लाभला. गिरणीतल्या दिवसांनी त्या गळ्याला विषय दिला. १९४४ साली अण्णा भाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. पोवाड्याची चाल जुनीच राहिली. नायक मात्र राजाऐवजी कामगार झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्याच आवाजाने मैदाने भारली.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला जवळ बोलावले. म्हटले, "बाळ, कालचे गाणे पुरे कर."

त्याने भीत भीत सुरुवात केली. ठेका या खेपेस मी टेबलावर धरला होता.