विद्यार्थी की मजूर? : परदेशी शिक्षणप्रवासाच्या परवान्याचा इतिहास

भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग वरणगावावरून पुढे वर्ध्यास जातो. वर्धा हे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे ह्यांचे गाव. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते अमेरिकेस गेले आणि तेथे मोलमजुरी करीत शिकले. आज सुट्टीत परदेशी काम करून त्या कमाईवर प्रवास करू इच्छिणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यासाठी अमेरिकेने स्वतंत्र व्हिसा ठेवला आहे. ह्या दोन टोकांमधील शतकात कायद्याला एका प्रश्नाचे उत्तर वारंवार द्यावे लागले : कष्ट करून शिकणाऱ्या तरुणास विद्यार्थी समजावे की मजूर? ह्या उत्तरावर कोण परदेशी जाऊ शकेल आणि तेथे त्याला कोणते संरक्षण मिळेल हे अवलंबून असल्यामुळे प्रश्न केवळ शब्दाचा नाही.

खानखोजे ह्यांनी ऑरेगनमधील कॉर्व्हॅलिस येथील कृषिमहाविद्यालयात व पुढे वॉशिंग्टन संस्थानातील पुलमन येथे शेतीशास्त्राचा अभ्यास केला. तळेगाव ढमढेरे येथील विष्णु गणेश पिंगळे हेही त्याच किनाऱ्यावर अभियांत्रिकी शिकण्यास गेले. त्या प्रदेशातील लाकूडगिरण्यांत आणि फळबागांत पंजाबी मजूर काम करीत होते. सप्टेंबर १९०७ मध्ये बेलिंगहॅम येथील गोऱ्या जमावाने अशा मजुरांना गावाबाहेर हुसकावून लावले. गरीब विद्यार्थी ह्याच मजुरांच्या सहवासात राहिला. त्यांचा अपमान त्याचाही अपमान झाला. १९१३ साली उभ्या राहिलेल्या गदर चळवळीत विद्यार्थी आणि मजूर एकत्र आले, ह्याचे एक कारण ह्या सहवासात आहे. पिंगळे १९१४ साली स्वदेशी परतले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोर येथे फाशी गेले.

ह्यानंतर कायद्याने दोघांची फारकत केली. अमेरिकेच्या १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भागातील मजुरांना प्रवेश बंद केला. विद्यार्थी, अध्यापक, व्यापारी व हौशी प्रवासी ह्यांना मात्र वगळले. १९२४ च्या कायद्याने विद्यार्थ्याची व्याख्या अधिक आवळली : केवळ अध्ययन हाच ज्याचा हेतू तोच विद्यार्थी. ‘केवळ’ ह्या एका शब्दाचा परिणाम दूरवर पोहोचला. ज्याचा खर्च घर किंवा संस्थान सोसते त्याला ती अट जाचक नव्हती. ज्याचा हात चालल्यावाचून फी भरली जात नव्हती त्याच्या वाटेत मात्र तोच शब्द आडवा आला.

शिष्यवृत्तीचा मार्गही निर्वेध नव्हता. डॉ. भीमराव आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानच्या साहाय्याने कोलंबिया विद्यापीठात गेले, ते परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार करून. म्हणजे एकाने शिक्षणाची किंमत आगाऊ मजुरीने भरावयाची, दुसऱ्याने भावी सेवेने. श्रम दोहोंतही होते. फरक ते केव्हा करावयाचे आणि कोणी मागावयाचे एवढाच होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर ‘विनिमय’ हा नवा शब्द पुढे आला. १९४६ चा फुलब्राइट कायदा, १९४८ चा स्मिथ-मुंट कायदा आणि २ फेब्रुवारी १९५० चा भारत-अमेरिका करार ह्यांनी विद्वानांच्या ये-जा करण्यास राजमान्यता दिली. १९५६ मध्ये विनिमयावर आलेल्यांनी किमान दोन वर्षे अमेरिकेबाहेर राहिल्यावाचून तेथे कायम वास्तव्य मागू नये, असा निर्बंध आला. १९७० मध्ये तो काही वर्गांपुरता मर्यादित झाला. २१ सप्टेंबर १९६१ च्या फुलब्राइट-हेज कायद्याने ‘जे’ वर्गाचा व्हिसा निर्माण केला. उन्हाळी काम व प्रवास ही योजना त्याच छत्राखाली वाढली. तीत परदेशी विद्यार्थी आपल्या सुट्टीत जास्तीत जास्त चार महिने वेतनावर काम करू शकतो. ज्या श्रमाला १९२४ च्या व्याख्येत जागा नव्हती तो आता सांस्कृतिक परिचयाचे साधन ठरला.

परंतु नाव बदलल्याने श्रमाचे स्वरूप बदलत नाही. ऑगस्ट २०११ मध्ये पेनसिल्व्हेनियातील पामायरा येथे चॉकलेटच्या गोदामात ह्याच व्हिसावर काम करणाऱ्या अनेक देशांच्या विद्यार्थ्यांनी संप केला. जड पेट्या उचलण्याचे काम, घरभाड्यापोटी वेतनातून होणारी कपात आणि ओळख होण्याचे अभिवचन मिळालेल्या समाजाशी न आलेला संबंध, ह्या त्यांच्या तक्रारी होत्या. २०१२ च्या नियमांनी ह्या योजनेतून शेती, खाण, बांधकाम व कारखानदारी ह्यांतील कामे वगळली. शोषणास आळा घालणारा हा नियम योग्यच होता. तथापि लाकूडगिरणी आणि शेतमळा, म्हणजे शतकापूर्वीच्या गरीब विद्यार्थ्यास तारणारी कामे, नेमकी त्याच यादीत आली हेही नमूद करणे अवश्य आहे.

महाराष्ट्राला ही फारकत परकी वाटावी असा आपला अनुभव आहे. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ साली स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेने ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व रुजविले. दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचून वह्यापुस्तकांचा खर्च काढणारा मुलगा खानदेशात कोणास नवल वाटत नाही. त्याला विद्यार्थी की मजूर असे कोणी विचारत नाही, कारण तो एकाच वेळी दोन्ही असतो. स्वतः खानखोजे १९२४ नंतर मेक्सिकोत चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिशाळेत प्राध्यापक झाले, आणि तेथे त्यांनी शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालविल्या. मजुरी करून मिळविलेली विद्या त्यांनी कष्टकऱ्यांकडेच परत नेली.

ह्या इतिहासातून एक निष्कर्ष निघतो. विद्यार्थ्यास श्रमाची बंदी केली की परदेशी शिक्षण सधनांपुरते उरते. श्रमाला केवळ विनिमय म्हटले की मजुराचे हक्क दृष्टिआड होतात. म्हणून वरणगावसारख्या गावातून उद्या असा परवाना मागणाऱ्या तरुणाने त्यावरील वर्गाच्या अक्षराइतकेच कामाचे तास, वेतन आणि कपात ह्यांकडे लक्ष द्यावे. आणि परवाना देणाऱ्या राज्याने तो तरुण विद्यार्थी आहे आणि मजूरही आहे, हे उघडपणे मान्य करावे.