दहावी-बारावी कुठून करायची? सुरतेतील मराठी पालकांसाठी कॉलेजपूर्व तयारी

सुरतेत आपल्या कुटुंबांची तिसरी-चौथी पिढी आता शाळा-कॉलेजात आहे. घर उधना, लिंबायत किंवा पांडेसऱ्यात, मूळ गाव जळगाव, धुळे, नंदुरबारकडे आणि कागदपत्रे अर्धी इकडे, अर्धी तिकडे, अशी अनेकांची स्थिती असते. कॉलेजप्रवेशाचे नियम मात्र राज्यावर चालतात. टक्केवारी चांगली असूनही केवळ ‘कुठल्या राज्यातून बारावी’ या एका मुद्द्यावर जागा हातची जाऊ शकते. म्हणून तयारी बारावीच्या निकालानंतर नव्हे, तर आठवी-नववीतच सुरू करावी. त्यासाठी आवश्यक माहिती इयत्तेनुसार खाली दिली आहे.

आठवी-नववी : माध्यम आणि नाव

सुरत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा आठवीपर्यंत आहेत. पुढे पालिकेच्या ‘सुमन’ हायस्कुलांपैकी काहींत मराठी माध्यम आहे. गुजरात बोर्डाची दहावीची परीक्षाही मराठीतून देता येते. पण पुढचे पाऊल आधी पाहावे. इंजिनिअरिंग व फार्मसीच्या प्रवेशासाठी घेतली जाणारी गुजकेट फक्त गुजराती, हिंदी आणि इंग्रजीत होते. नीट आणि जेईई मेन या परीक्षा १३ भाषांत होतात. त्यांत मराठी आहे, परंतु मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. सुरतेच्या केंद्रावर इंग्रजी, हिंदी किंवा गुजराती अशा भाषांतून निवड करावी लागते.

याचा अर्थ मराठी शाळा सोडावी असा नाही. मातृभाषेतून विज्ञान पक्के समजते. फक्त नववीपासून विज्ञान-गणिताच्या इंग्रजी संज्ञांची वही करावी आणि इंग्रजी पाठ्यपुस्तक शेजारी ठेवून वाचण्याची सवय लावावी.

दुसरे काम नावाचे. गुजराती, मराठी आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांतून फिरताना आपली नावे बदलतात. कुठे ‘पाटील’चे ‘पटेल’ होते, कुठे नावामागे ‘भाई’ किंवा ‘बेन’ लागते. जन्मदाखला, आधार, शाळेचे रजिस्टर आणि वडिलांचे कागद यांत नाव व स्पेलिंग एकच असावे. दुरुस्ती दहावीचा फॉर्म भरण्यापूर्वी करावी. गुणपत्रिका छापली गेल्यावर हेच काम फार जिकिरीचे होते.

दहावी : गणित कोणते?

दहावीत ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’ असे गणिताचे दोन पर्याय आहेत. बेसिक सोपे असते, म्हणून मुले ते पटकन निवडतात. अकरावीला गणित घेण्याची थोडीही शक्यता असेल तर स्टँडर्डच घ्यावे. बेसिकवाल्यांना मधूनमधून सवलती मिळतात, पण त्यांवर विसंबून राहू नये.

दहावीनंतर सायन्सच घ्यावे असेही नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. कॉमर्सकडे जाणाऱ्यांना सीए फाउंडेशनची नोंदणी दहावीनंतर करता येते. परीक्षा बारावीनंतर असते.

बारावी कोणत्या राज्यातून?

हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. दहावी सुरतेत झाल्यावर मुलाला मामा-काकांकडे जळगावला किंवा क्लाससाठी लातूर, कोटा येथे पाठवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. पाठवण्याआधी पुढील तीन बाबी समजून घ्याव्यात.

१. मेडिकल. सरकारी मेडिकल कॉलेजांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय आणि ८५ टक्के राज्य कोट्यात असतात. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यासाठी सरकारी नोकरांच्या मुलांसारखे काही अपवाद सोडल्यास दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, शिवाय डोमिसाईल लागते. गुजरातच्या राज्य कोट्यासाठी बारावी गुजरातमधील शाळेतून असावी लागते. म्हणजे दहावी सुरतेत आणि बारावी लातूरला केलेला विद्यार्थी दोन्हीकडच्या राज्य कोट्याबाहेर पडू शकतो. त्याच्या हाती उरतात त्या अखिल भारतीय कोट्याच्या, अभिमत विद्यापीठांच्या आणि अशाच खुल्या जागा. तिथे चुरसही मोठी आणि अनेक ठिकाणी फीही मोठी.

२. एनआयटी. येथे निम्म्या जागा त्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात आणि ‘राज्य’ ठरते ते बारावी जिथून केली त्यावर, रेशनकार्डावर नाही. सुरतेत बारावी केली तर आपल्या शहरातील एसव्हीएनआयटीत गृहराज्याचा लाभ मिळतो. बारावी महाराष्ट्रातून केली तर तो लाभ नागपूरच्या व्हीएनआयटीत मिळतो आणि सुरतेत मूल ‘बाहेरचे’ ठरते. कोट्याच्या शाळेतून बारावी केल्यास गृहराज्य राजस्थान होते.

३. महाराष्ट्रातील इंजिनिअरिंग. येथे नियम उदार आहे. दहावी-बारावी बाहेरून केली असली तरी विद्यार्थी स्वतः, वडील किंवा आई यांपैकी एकाकडे महाराष्ट्राचे डोमिसाईल असेल तर राज्याचा उमेदवार म्हणून अर्ज करता येतो. एमएचटी-सीईटी मात्र द्यावी लागते. पुणे-मुंबईचे इंजिनिअरिंग हेच ध्येय असेल तर त्यासाठी मुलाला अकरावीपासून घराबाहेर ठेवण्याची गरज नाही.

जातीचे दाखले

आपली जात दोन्ही राज्यांच्या यादीत असली तरी एका राज्यातून दुसऱ्यात स्थलांतर केलेल्याला दुसऱ्या राज्याचे आरक्षण आपोआप मिळत नाही. अनुसूचित जाती-जमातींबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्येच हे स्पष्ट केले आहे. त्यामुळे मुलाचा दाखला कुठल्या राज्याचा होणार हे नववीतच ठरवावे.

महाराष्ट्राचा दाखला काढताना कुटुंब ठरावीक तारखेला कुठे राहत होते हे पाहतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या त्या तारखा. आजोबांच्या शाळेचा उतारा गावाकडच्या शाळेत मिळतो, पण तो शोधायला दिवस लागतात. दिवाळी-उन्हाळ्यात गावी जाल तेव्हा हे काम करून घ्यावे. महाराष्ट्रात राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्रही लागते. नीट-जेईईसाठी ओबीसींचा दाखला केंद्राच्या नमुन्यात असावा लागतो. राज्याचा चालत नाही.

अकरावी-बारावी : बोर्डही सांभाळा

जेईई मेन साधारण जानेवारी व एप्रिलमध्ये, तर नीट मे महिन्यात असते. क्लासच्या नादात बोर्डाकडे दुर्लक्ष करू नये. एनआयटीला खुल्या वर्गासाठी बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये येणे आवश्यक आहे. गुजरातच्या इंजिनिअरिंग मेरिटमध्ये गुजकेटबरोबर बोर्डाचे गुणही धरतात. बीए, बीकॉम, बीएस्सीसाठी वीर नर्मद विद्यापीठासह राज्यातील सरकारी विद्यापीठांचे अर्ज आता ‘जीकॅस’ या एकाच पोर्टलवर भरतात.

पैशाची तयारी

‘नमो लक्ष्मी’ योजनेत पात्र मुलींना नववी ते बारावी मिळून ५० हजार रुपये मिळतात, तर ‘नमो सरस्वती’त अकरावी-बारावी सायन्सच्या पात्र विद्यार्थ्यांना २५ हजार. शाळेत चौकशी करावी.

शैक्षणिक कर्जात पालक सहकर्जदार असतो, म्हणून बँक पालकाचा सिबिलही पाहते. थकलेले मोबाईल-फ्रिजचे हप्ते किंवा दुसऱ्याला दिलेली जामीनकी येथे आडवी येते. लूम खात्यात, मार्केटमध्ये रोखीने पगार घेणाऱ्यांनी मूल नववीत असतानाच पगार खात्यात घेणे आणि रिटर्न भरणे सुरू करावे. उत्पन्नाचा पुरावा एका महिन्यात उभा राहत नाही. साधारणपणे चार लाखांपर्यंत मार्जिन व तारण लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंत हमी योजनेखाली तारणाशिवाय कर्ज मिळू शकते. हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होतात. २०२४ च्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारण-जामीन नाही, पण प्रवेश गुणवत्तेवर हवा. मॅनेजमेंट कोट्याला ती लागू नाही.

थोडक्यात, आठवीत नाव, नववीत दाखले, दहावीत गणित आणि दहावीच्या निकालाआधी राज्य ठरवावे. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, तेव्हा फॉर्म भरण्यापूर्वी त्या वर्षाची माहितीपुस्तिका पालकांनी स्वतः वाचावी. क्लासवाल्यांच्या किंवा शेजाऱ्यांच्या सांगण्यावर मुलाचे राज्य बदलू नये.